‘स्किन कलर’ म्हणजे कुणाच्या स्किनचा? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नाताळच्या सुट्टीतल्या बॅलेबद्दल लिहिताना, चेहरा काळा किंवा पिवळा रंगवून ज्या भूमिका केल्या जातात त्यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि हे आता थांबायला हवं असं म्हटलं होतं. त्या चार ओळींवरच एवढी पत्रं आली की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही देव जाणे. त्यातली चार इथे घेतलीयेत. नावं छापू नका असं चौघांनीही कळवलंय, म्हणून फक्त गावं.

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याची, वय ६८. यंदा नोव्हेंबरपासून लेकीकडे अमेरिकेत होते. नात नऊ वर्षांची आहे, बॅलेच्या क्लासला जाते. नाताळच्या आधी त्यांचा ‘नटक्रॅकर’ नावाचा बॅले असतो, सगळी गावातलीच मुलं. नात आधी उंदरांत होती आणि नंतर फुलांच्या नाचात. क्लासमधून सामानाची यादी आली त्यात ‘स्किन कलर टाइट्स’ (पायभर घट्ट मोजे) असं लिहिलेलं, दुकानातून आणल्या तर फिक्या गुलाबी. नात त्या पायाला लावून बघत म्हणाली, आजी ही कुणाची स्किन? मला काही उत्तर सुचेना. रात्री पातेल्यात चार चमचे चहाची पावडर उकळली, थोडं व्हिनेगर घातलं आणि टाइट्स त्यात बुडवल्या, तिसऱ्या वेळेला अगदी तिच्या पायाचा रंग आला. पोर इतकी खूष झाली की त्या घालूनच झोपली. पण क्लासच्या बाई म्हणाल्या शोला चालणार नाही, सगळ्या एकसारख्या दिसायला हव्यात. शेवटी गुलाबी घालूनच नाचली. नाच फार गोड झाला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग तो ‘चहा’चा नाच आला, चिनी म्हणे. मुलांना बारीक लोंबत्या मिशा काढलेल्या, दोन बोटं वर करून माना डोलावत तुरुतुरु पळत होती आणि लोक हसत होते. माझ्या पुढच्या रांगेत एक चिनी आजी बसली होती, तिची नात पण फुलांत होती. ती हसत नव्हती, नुसती मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. तेव्हापासून मला चैन नाही. लेक म्हणते आई जाऊ दे, आपण पाहुणे. मी टाइट्स रंगवल्या ते चुकलं का? आणि पुढच्या वर्षी काय करायचं?

उत्तर : आजी, नमस्कार. आधी तुमच्या पातेल्याबद्दल बोलते, कारण पत्रातलं मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. तुम्ही जे केलंत ते बॅले करणाऱ्या कृष्णवर्णीय मुली कित्येक वर्षं घरोघरी करत आल्यात. गुलाबी सॅटिनच्या बुटांवर चेहऱ्याला लावायचं फाउंडेशन स्पंजने थापायचं, सुकवायचं, परत थापायचं, त्याला तिकडे पॅनकेकिंग म्हणतात. आणि ते बूट काही वर्षभर टिकत नाहीत, मोठ्या बॅले कंपनीतल्या मुख्य नर्तिकेचा एक जोड कधी कधी एका प्रयोगात मऊ पडतो, की परत नवा जोड आणि परत थापणं. शेजारच्या गोऱ्या मैत्रिणीला हे काहीच करावं लागत नाही, ती डब्यातून बूट काढते, रिबिनी शिवते आणि नाचायला उभी राहते. लंडनची फ्रीड कंपनी बॅलेचे बूट १९२९ पासून करते, तिने ‘बॅले ब्लॅक’ या ग्रुपसोबत तपकिरी आणि ब्राँझ रंगाचे पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बूट, काढले २०१८ ला. मधली सगळी वर्षं ‘स्किन कलर’ म्हणजे एकच रंग.

पण ज्यांना बदलायचं होतं त्यांनी बूटवाल्यांची वाट बघितली नाही. आर्थर मिचेल हा न्यूयॉर्क सिटी बॅलेचा पहिला कृष्णवर्णीय प्रिन्सिपल डान्सर, म्हणजे मुख्य नर्तक. १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, त्यानंतर त्याने न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या आपल्या कृष्णवर्णीय वस्तीत परत जाऊन १९६९ ला ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ सुरू केलं, आणि तिथे सत्तरच्या दशकातच गुलाबी टाइट्स बंद करून ज्याच्या त्याच्या कातडीच्या रंगाच्या टाइट्स आणि बूट घालायला सुरुवात झाली. म्हणजे तुमचं पातेलं पन्नास वर्षं जुन्या आणि फार मानाच्या परंपरेतलं आहे, चुकलं वगैरे मनातून काढून टाका.

आता बाई म्हणाल्या ते ‘एकसारख्या’. गुलाबी रंग मुळात आला कशासाठी तर कमरेपासून अंगठ्यापर्यंत पाय एक सलग रेघ दिसावी, मध्ये कुठे तुटू नये. गोऱ्या पायावर ती रेघ गुलाबीने साधते. सावळ्या मुलीला तीच गुलाबी घातली की हात एका रंगाचे, गळा त्याच रंगाचा, आणि कमरेखाली एकदम दुसरंच माणूस सुरू होतं. ज्या रेघेसाठी नियम केला ती त्याच नियमाने तुटते. म्हणून बाईंना सांगायचं ते हेच, की नियम मोडायचा नाहीये, पाळायचाय, प्रत्येकीचा पाय तिच्या अंगाच्या रंगाचा असला की वीसच्या वीस मुली एकसारख्याच नियमात आल्या. हे लेकीने भांडून नाही, शांतपणे सांगावं. आणि ऐन शोच्या आठवड्यात नाही, तेव्हा कुठल्याही शिक्षिकेचं डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नसतं. मे-जूनमध्ये भेटावं, पुढच्या वर्षीच्या सामानाची यादी निघायच्या आधी.

चहाच्या नाचाचं थोडं मागचं सांगते. ‘नटक्रॅकर’ पहिल्यांदा झालं १८ डिसेंबर १८९२ ला, सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात. संगीत चायकोव्हस्कीचं, कथानक बसवलं मारियस पेतिपाने आणि नाच बसवले लेव्ह इवानोव्हने. दुसऱ्या अंकात मुलगी मिठाईच्या राज्यात जाते आणि तिच्यासमोर देशोदेशीच्या वस्तू नाचतात, चॉकलेट म्हणजे स्पेन, कॉफी म्हणजे अरबस्तान, चहा म्हणजे चीन. हे देश नकाशावरचे नव्हतेच, डब्यावरच्या चित्रातले होते. त्या ‘अरबी’ नाचाची चाल तर जॉर्जियातल्या एका अंगाईची आहे! बघणाऱ्यांना खरा अरब माहीत नव्हता आणि थिएटरात एकही चिनी आजी बसलेली नव्हती, म्हणून चाललं. आता बसते. तुमच्या पुढच्या रांगेत बसते.

आणि तिकडे बदल सुरूही झालेत. फिल चॅन आणि न्यूयॉर्क सिटी बॅलेची नर्तिका जॉर्जिना पाझकोगिन यांनी २०१७ मध्ये मोहीमच काढली, की पिवळे चेहरे, मिशा, डोलणाऱ्या माना बंद करा. त्याच वर्षी न्यूयॉर्क सिटी बॅलेने आपल्या चहाच्या नाचातला मेकअप, वेश आणि हातवारे बदलले. सिअॅटलच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेने २०२१ ला चहाच्या जागी चक्क एक हिरवा रातकिडा आणला, कारण चीनमध्ये रातकिडा शुभ मानतात. संगीताचा एक सूर हलवला नाही, मुलं तशीच आनंदाने बघतात. म्हणजे परंपरा बुडते वगैरे काही नाही. हे लेकीला दाखवा, क्लासच्या बाईंनाही दाखवता येईल. आणि जमलं तर त्या चिनी आजींना गाठा. भाषा येत नसेल तर दोघींच्या नाती आहेतच की दुभाषाला.

एक मात्र लेकीचं मला पटलं नाही. पाहुण्या तुम्ही, तिकीट काढून परत आलात. नात तिथेच जन्मली, वाढली, ते तिचं गाव आहे, तिला पाहुणी म्हणू नका. न्यूयॉर्क सिटी बॅलेचं ‘नटक्रॅकर’ जॉर्ज बालंशीनने १९५४ ला बसवलं आणि त्यातली छोटी नायिका मारी म्हणून पहिली कृष्णवर्णीय मुलगी उभी राहिली २०१९ ला. मध्ये पासष्ट वर्षं गेली. त्या पासष्ट वर्षांत मुलींना नाच येत नव्हता असं थोडंच आहे, कुणीतरी दर वर्षी जाऊ दे म्हणत होतं.

तुमचं पत्र वाचून रात्रभर मला माझं सहावीतलं गॅदरिंग आठवत होतं, तेही लिहूनच टाकते. राधा-कृष्णाचा नाच बसवला होता. सगळा नाच मला पाठ, मधल्या सुट्टीत बाकीच्या मुलींना मीच शिकवायचे. आठ दिवस आधी बाईंनी राधा म्हणून दुसऱ्याच मुलीला उभं केलं, तिला बिचारीला सम सापडत नव्हती पण ती गोरी होती. मला म्हणाल्या, तू कोळीनृत्यात ये, तिथे तू शोभतेस. आम्ही सावळ्या पाचजणी दर वर्षी कोळीनृत्यातच असायचो. त्यातली एक खरोखरची कोळ्यांची होती, ती म्हणायची माझी आई अशी कंबर हलवत मासे नाही विकत गो. मी लुगडं नेसून टोपली घेऊन नाचले, मनापासून नाचले, आणि घरी येऊन आईला सांगितलं की मला राधा नकोच होती. आजी, नऊ वर्षांची मुलगी गुलाबी टाइट्स घालून गप नाचते तेव्हा तिला फरक पडलेला नसतो असं समजू नका.

पुढे मोठेपणी वाचलं की १९२३ ला लंडनमध्ये अॅना पावलोवा, रशियाची ती जगप्रसिद्ध बॅलेरिना, राधा झाली होती आणि तिच्यासमोर कृष्ण होता आपला उदय शंकर, तेव्हा तो चित्रकला शिकणारा विद्यार्थी. मला त्या पावलोवाचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. सेंट पीटर्सबर्गची बाई राधा होऊ शकते तर राधा व्हायला नाच यावा लागतो, बाकी काही नाही. मग आमच्या शाळेत काय अडलं होतं?

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीची, १७ वर्षांची. आठ वर्षं भरतनाट्यम शिकतेय. कार्यक्रमाला मेकअपवाले काका मला नेहमी दोन शेड गोरं करतात, फोटोत माझं तोंड आणि माझे हात दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. काही बोललं की म्हणतात लाइटमध्ये काळी दिसशील. खरंच असं असतं का? आणि मला बॅले पण शिकायचंय, १७ म्हणजे उशीर झाला का?

उत्तर : नाही असत. तू काळी दिसशील म्हणजे काय, तू आहेस तशी दिसशील, आणि तशी दिसायलाच हवीस.

तुला खरं सांगायला हवं. माझ्या क्लासच्या कार्यक्रमांना मी स्वतः दहा-बारा वर्षं मुलींना हेच केलं. पॅनकेकची, म्हणजे चेहऱ्याच्या मेकअपची, एकच स्टिक आणायची, गोरट शेडची, आणि रांगेत सगळ्यांना तीच. मला स्वतःला राधा मिळाली नव्हती हे मी विसरले नव्हते, तरी माझा हात तसाच चालत होता. मग एका वर्षी मे महिन्यात कार्यक्रम होता, आपल्याकडचा दमटपणा तुला माहितीये, पंखे बंद, तिल्लाना संपता संपता एका मुलीच्या कपाळावरून घाम ओघळला आणि त्या ओघळाबरोबर तिचा खरा रंग एक रेघ बनून हनुवटीपर्यंत आला. इतका सुंदर रंग होता तो, भाजलेल्या काजूसारखा, आणि मी तो झाकला होता. त्या रात्री मी ती स्टिक टाकली.

आता काय करायचं ते ऐक. फाउंडेशनची शेड गालावर किंवा मनगटावर बघू नकोस, जबड्याच्या खाली गळ्याशी लावून बघ, आणि उजेडात बाहेर येऊन बघ, ट्यूबलाइटखाली सगळंच फसवं दिसतं. नेमकी शेड मिळाली नाही तर दोन शेड हाताच्या मागच्या बाजूला मिसळून घे. कान, गळा, पाठीचा वरचा भाग आणि हात यांनाही तेच लागलं पाहिजे. आणि खरा प्रश्न लाइटचा असतो, मेकअपचा नाही. निळ्या किंवा कडक पांढऱ्या उजेडात सावळी कातडी राखाडी पडते, पिवळसर, सोनेरी उजेडात ती झळकते. म्हणून रंगीत तालमीला लाइटवाल्या दादांना समोरून थोडा पिवळा द्यायला सांग, ते हसतमुखाने देतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. मेकअपवाल्या काकांना तुझी शेड तू स्वतः नेऊन दे. एक गोष्ट अजून, कुणी तुझी समजूत काढायला कृष्ण सावळाच होता, विठ्ठल काळाच आहे असं म्हणेल. म्हणू दे, पण तेवढ्याने शांत होऊ नकोस. विठ्ठलाला काळा म्हणून डोक्यावर घेणारी माणसंच मुलीला दोन शेड गोरं करतात.

बॅलेचं. सतराव्या वर्षी सुरू करून बोटांवर उभी राहणारी मुख्य नर्तिका होणं फार अवघड आहे, तुला खोटी आशा दाखवणार नाही, तिकडे बहुतेक मुली लहानपणीच सुरू करतात. मिस्टी कोपलंडने तेराव्या वर्षी सुरू केलं तर तेसुद्धा उशिरा म्हणतात, आणि २०१५ ला ती अमेरिकन बॅले थिएटरची पहिली आफ्रिकन-अमेरिकन महिला प्रिन्सिपल झाली. पण बॅले शिकणं आणि बॅलेरिना होणं वेगळं. आपल्या मुंबईत येहूदा माओर नावाच्या शिक्षकांनी वेल्डरच्या मुलाला, अमिरुद्दीन शाहला, आणि टॅक्सी ड्रायव्हरच्या मुलाला, मनीष चौहानला, घडवलं. अमिरुद्दीनला २०१७ ला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. तुझं आठ वर्षांचं अरमंडीचं, गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं, बळ आहे, ताल आहे. बॅलेत पाय मांडीपासून बाहेर वळवतात ते तुझ्या शरीराला अगदी परकं वाटणार नाही, मात्र तिथे सगळं वर, हवेत जायचंय आणि आपल्याकडे सगळं जमिनीत, ते बदलायला वेळ लागेल. पॉइंट शूज यूट्यूबवर बघून कधीही घालू नकोस, घोटे जातील. बारावी झाली की सुट्टीत मुंबईला एखादा बिगिनर कोर्स करून बघ आणि मला कळव.

प्रश्न : मॅडम, मी गुहागर तालुक्यातला. आमच्या गावच्या नमनात (शिमग्याच्या लोकनाट्यात) मी चौदा वर्षं संकासुराचं सोंग करतोय. काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. आधी माझे वडील करायचे. तुम्ही लिहिलंत काळं होऊन नाचणं थांबलं पाहिजे. उद्या एखादा मुंबईवाला मोबाईलवर शूटिंग करून म्हणेल हे पण तसलंच. शिमगा तोंडावर आलाय, पोरं विचारतायत. आम्ही काय करायचं?

उत्तर : दादा, संकासुर नाचवा. घुंगरं वाजली की आधी पोरं ओरडत पळतात आणि मग हळूच मागे मागे येतात, ते बंद पडायला नको, मीही त्यातलीच एक होते.

तुमचा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे, म्हणून नीट उत्तर देते. मी मागच्या अंकात जे लिहिलं ते माणसांची नक्कल करण्याबद्दल होतं. उदाहरण आपल्याच देशाचं आहे. ‘ला बायादेर’ नावाचा बॅले आहे, पेतिपाचाच, १८७७ चा, गोष्ट भारतातली, नायिका देवळात नाचणारी. आणि हा ‘बायादेर’ शब्द आला कुठून माहितीये? पोर्तुगीज ‘बायलादेरा’ म्हणजे नाचणारी, त्यावरून. पोर्तुगीज आपल्या या किनाऱ्यावर उतरले, गोव्यात देवळांतल्या कलावंतिणींना त्यांनी हे नाव दिलं, तिथून शब्द फ्रेंचांकडे गेला आणि रशियात जाऊन बॅले झाला. तर त्या बॅलेत मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरमध्ये लहान मुलींना काळा रंग फासून नाचवायचे. २०१९ च्या डिसेंबरात मिस्टी कोपलंडने तसा एक फोटो लोकांसमोर आणला तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि थिएटरने सांगितलं हा बॅले असाच हजारो वेळा झालाय, आम्ही या वादात पडणार नाही. गोष्ट भारतातली, म्हणजे ती मुलं आपणच, दादा. मी, तुम्ही, तुमची पोरं.

आता संकासुर. तो वेद चोरणारा असुर, विष्णूने मत्स्य होऊन मारलेला. कुठल्याही गावात, कुठल्याही वाडीत संकासुर नावाची जमात राहत नाही जिची तुम्ही टिंगल करताय. प्रेक्षकांत बसून कुणाला ‘हा मी आहे आणि हे मला हसतायत’ असं वाटणार नाही. मी तपासायला एवढंच बघते, की ज्याचं सोंग आणलंय तो माणूस पहिल्या रांगेत बसला तर सोंग करणाऱ्याचा पाय अडखळेल का. वरच्या पत्रातली चिनी आजी आठवा.

पण याच कसोटीवर नमनातलं दुसरं एक तुम्ही बघा, मी रागावून नाही, घरचं माणूस म्हणून सांगतेय. वगामध्ये हशा काढायला जो भैया येतो, जो तोतरा येतो, जी काळी ठेंगणी बायको येते, त्यांचं काय? गावात आता आंब्याच्या बागेत नेपाळी गुरखे आहेत, बांधकामावर बिहारची पोरं आहेत, ती पण रात्री मंडपाच्या कडेला उभं राहून बघतात. आणि बाईचं सोंग. पुरुषाने स्त्री करण्यात काहीच गैर नाही, सिंधुदुर्गात दशावतारात ओमप्रकाश चव्हाणांची स्त्रीभूमिका बघा, पदर सावरण्याची नुसती पद्धत बघा, बायका डोळे पुसत बसतात कारण त्यांना कुणीतरी समजून घेतल्यासारखं वाटतं. तेच सोंग छातीला नारळाच्या करवंट्या बांधून उड्या मारायला आणलं की समोरची पोरगी मान खाली घालते. सोंग दोन्हीकडे बाईचंच, नजर वेगळी.

आणि दादा, शेवटचं, हे विचारू की नको असं दोनदा वाटलं पण विचारते. तुमच्या खेळ्यांत, नमन करणाऱ्या मंडळींत, गावातल्या सगळ्या वाड्यांची पोरं आहेत का? मृदंग कोण वाजवतं, सोंगं कोण घेतं, आणि कोण नुसतं रस्ता झाडायला आणि मांडव घालायला असतं? मुंबईवाल्याच्या मोबाईलची चिंता करू नका, ही चिंता मात्र करा. तुमच्यानंतर संकासुर कोण करणार ते ठरवायची वेळ येईल तेव्हा जो सगळ्यात चांगला नाचतो त्याला द्या, कुठल्याही वाडीचा असो. तुमच्या शब्दाला गावात वजन असणार, चौदा वर्षं थोडी नाहीत.

प्रश्न : मी दापोली तालुक्यात शिक्षिका आहे. गॅदरिंगमध्ये ‘विविधतेत एकता’ कार्यक्रम आहे, पंजाबी, गुजराती, काश्मिरी आणि आदिवासी नृत्य. आदिवासी नृत्यात दर वर्षी मुलांना कोळशाची पूड लावतात, कमरेला पाला, डोक्याला पिसं, हातात भाले. माझ्या वर्गात तीन कातकरी मुलं आहेत. या वर्षी त्यांना त्या नाचात घ्यायचं ठरलं तर तिघंही दोन दिवस शाळेतच आली नाहीत. कार्यक्रमाला तीन आठवडे आहेत. आता बदलता येईल का?

उत्तर : येईल, आणि बदलाच. त्या तिघांनी तुम्हाला जे सांगायचं ते सांगितलंय, न येऊन सांगितलंय.

तुमचा हा कार्यक्रम म्हणजे मिठाईचं राज्यच आहे, चॉकलेट, कॉफी, चहा, तसंच पंजाबी, काश्मिरी, आदिवासी. आणि ज्यांना आपण प्रत्यक्ष ओळखतो त्यांनाच सगळ्यात चुकीचं दाखवतो, याचं मला फार वाईट वाटतं. पंजाब इथून लांब आहे. कातकरी वस्ती तुमच्या शाळेपासून चालत किती मिनिटांवर असेल? खैराच्या झाडापासून कात काढायचे म्हणून कातकरी, हे तर त्यांचं नावच सांगतं. भाले, कवट्या आणि पिसं आली सिनेमातून.

एक सांगते, पाला काढून त्या जागी वारली तारपा नाच घातला की झालं असंही नाही. तारपा पालघरकडचा, दुधीभोपळा आणि बांबूचं वाद्य, नाचणारे त्याच्याकडे कधी पाठ करत नाहीत, फार सुंदर आहे, पण तो वारल्यांचा आहे, तुमच्या तीन मुलांचा नाही. सगळे आदिवासी एकच असं धरून चाललो तर परत डब्यावरचं चित्र.

तुम्ही असं करा. शनिवारी अर्धी शाळा सुटली की वस्तीवर जा, मुलांच्या आयांशी बसून बोला. लग्नात कसं नाचता, कुठली गाणी म्हणता, शाळेत येऊन मुलांना शिकवाल का, एवढंच विचारा. हो म्हणाल्या तर त्यांनाच शिकवू दे, शाळेकडून मानधन द्या, कपडे ते सांगतील ते, रंग कुणालाच नाही. नाही म्हणाल्या तर नाही, आग्रह करू नका, तो नाच वगळा आणि ती दहा मिनिटं दुसऱ्या कशाला द्या. कोळीनृत्य घेतलंत तर हर्णैहून एखाद्या कोळी बाईंना बोलवा स्टेप्स बघायला, आणि त्यात फक्त सावळ्या मुली उभ्या करू नका. त्या तीन मुलांना मात्र आधी विचारा की त्यांना कशात नाचायचंय. कुणाला भांगडा करायचा असेल.

मुख्याध्यापकांनी हरकत घेतली तर हे पान त्यांना दाखवा. तारीख मला कळवा, दापोलीला यायला जमेल, मेकअपला मदत करीन, शेड मी घेऊन येते.